काविळीची माळ, सफरचंदाचे खडे, नागिणीचं शेपूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की काविळीचे प्रश्न सुरू होतात, गणपतीच्या आगेमागे डेंग्यूचे. मुतखडा आणि गुडघे यांना हंगामच नाही. त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एखादी गोष्ट आधी येऊन गेली असेल तर ती परत न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही उत्तरं कुणाला तपासून दिलेली नाहीत. आत्ता घरात कुणी आजारी असेल तर आधी दवाखाना गाठा, वाचन नंतर.

१. मला स्वतःला गुण आला आहे. आता अनुभवालाही खोटं म्हणणार का?

अनुभव खराच आहे. दुखत होतं, आता दुखत नाही, यात वाद नाही. वाद श्रेय कुणाचं एवढाच आहे. सर्दी आठवड्यात जाते. पाठीत भरलेली उसण बहुतेकदा काही आठवड्यांत सुटते. चामखीळ काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, आपली आपण गळते. त्रास टोकाला पोचला की माणूस औषध शोधायला निघतो, आणि असल्या दुखण्यांत टोकाला पोचलेला त्रास पुढे उतरणारच असतो. त्या उतरणीवर जो भेटेल, मग तो वैद्य असो, एमबीबीएस असो की मंतरलेलं पाणी देणारा बुवा, त्याच्या पदरात यश पडतं.

म्हणून 'घेतल्यावर काय झालं?' एवढं विचारून भागत नाही. 'घेतलं नसतं तर काय झालं असतं?' हेही विचारावं लागतं, आणि एकट्या माणसाच्या बाबतीत त्याचं उत्तर कधीच मिळत नाही. त्यासाठी सारख्याच आजाराच्या लोकांचे दोन गट करतात. एकाला औषध देतात, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या गोळ्यांनाही याच चाळणीतून जावं लागतं आणि त्यातल्या कितीतरी तिथेच अडकतात.

२. कावीळ उतरवताना चुन्याच्या पाण्यात हात धुतले आणि पाणी पिवळंधमक झालं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पाणी पिवळं होतं, पण ज्याला जन्मात कावीळ झाली नाही त्याचे हात धुतले तरी तेवढंच पिवळं होतं. हात धुण्याआधी तळव्यांना काहीतरी चोळतात, किंवा ते पाण्यात आधीच मिसळलेलं असतं. पुष्कळदा तो आंब्याच्या सालीचा रस असतो. त्यातली द्रव्यं चुन्याच्या निवळीला भेटली की रंग येतो. शाळेत हळदीच्या कागदाला साबणाचं पाणी लावून तो लाल केलेला ज्यांना आठवतो त्यांना हे जास्त समजवावं लागत नाही.

काविळीतला पिवळेपणा बिलिरुबिन या शरीरातल्याच पिवळ्या द्रव्यामुळे असतो. ते रक्तात आणि कातडीच्या आतल्या थरांत असतं, आणि शरीराबाहेर जातं ते लघवी-शौचावाटे. तळहातातून पाण्यात ते उतरत नाही. तुमच्या गावात कुणी कावीळ उतरवून देत असेल तर एवढं करा: काविळीच्या माणसाशेजारी एक धडधाकट माणूस बसवा. मग दोघांचं पाणी बघा.

नाकात देवडांगरीच्या रसाचे थेंब सोडणं याच जातीचं, फक्त जास्त धोक्याचं. ही वनस्पती इतकी दाहक आहे की नाकाचं अस्तर सुजून तासन्‌तास पिवळसर पाणी गळत राहतं. घरच्यांना वाटतं कावीळ गळते आहे. गळतं ते पोळलेल्या नाकाचं पाणी, आणि काहींना त्याबरोबर रक्तही येतं.

३. आणि माळ? डोक्यावर बसेल एवढी होती, काही दिवसांत गळ्यातून छातीपर्यंत आली. तिला कोण ओढतं?

कुणी ओढत नाही, ती वाळते. ही माळ सुईने ओवलेली नसते, त्यातच सगळं आलं. वनस्पतीच्या ओल्या देठांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत गुंतवलेले असतात. देठ वाळून बारीक झाले की फास सैल पडतो आणि प्रत्येक गाठीतला थोडा थोडा दोरा मोकळा होतो. खुंटीला टांगून ठेवली तरी तेवढीच लांबते. माळ पुरती लांबेपर्यंत बहुतेक कावीळही उतरणीला लागलेली असते (प्रश्न १).

४. पण काविळीवर डॉक्टरांकडे तरी कुठे औषध आहे? तेही म्हणतात आराम करा.

हे निम्मं बरोबर आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या 'ए' आणि 'ई' काविळीला खास औषध सहसा लागत नाही. बहुतेक लोक चार-सहा आठवड्यांत बरे होतात. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती. ती 'ए' प्रकारची नव्हती हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे १९८० साली कळलं. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. त्या २९,००० मधले बहुतेक जण कुठल्याही खास औषधाविना बरे झाले. एवढ्या लोकांच्या गळ्यात माळा घातल्या असत्या तर माळेची केवढी कीर्ती झाली असती!

डॉक्टरकडे जायचं ते कावीळ कुठली हे कळावं म्हणून. डोळे पिवळे होणं हे लक्षण आहे, त्याच्यामागे बरंच काही असू शकतं: पित्तनलिकेत अडकलेला खडा, स्वादुपिंडाचा कर्करोग, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), क्षयाच्या गोळ्यांनी सुजलेलं यकृत, रक्तातून होणारी 'बी' किंवा 'सी' कावीळ. यातली 'सी' तर आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांची पूर्ण बरी होते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' कावीळ झाली तर चार-पाच जणींत एखादी दगावू शकते, तिथे माळेचे दिवस मोजत बसणं म्हणजे जिवाशी खेळ. रोगी गुंगीत जाणं, असंबद्ध बोलणं, हिरड्या-नाकातून रक्त, न थांबणाऱ्या उलट्या, यांतलं काहीही दिसलं की मोठं रुग्णालय गाठायचं.

जाता जाता: वरणातली हळद बंद करायची काही गरज नाही. पिवळ्याने पिवळं वाढत नाही. आणि काविळीवर म्हणून रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस आणून पाजणाऱ्यांनी तो बर्फ कुठल्या पाण्याचा आहे याची जरा चौकशी करावी.

५. पाच दिवस सफरचंदाचा रस आणि शेवटी ऑलिव्ह तेल-लिंबू घेतल्यावर पित्ताशयातले हिरवे खडे बाहेर पडले. माझ्याकडे फोटो आहेत.

फोटो खरे असतील, खडे खोटे. पोटात गेलेलं तेल, लिंबाचा रस आणि पाचकरस यांचे आतड्यात मऊ गोळे बनतात. तो एक प्रकारचा साबणच. पित्ताने त्यांना हिरवा रंग येतो. २००५ साली 'द लॅन्सेट'मध्ये अशाच एका बाईंच्या 'खड्यां'चं विश्लेषण छापून आलं. त्यात तीन-चतुर्थांश मेदाम्लं निघाली, कोलेस्टेरॉल किंवा कॅल्शियम अजिबात नाही. पित्ताचे खरे खडे त्यांचेच बनलेले असतात. गरम जागी ठेवल्यावर ते गोळे वितळले. पित्ताशय आधीच काढून टाकलेल्या माणसाने हा विधी केला तरी हिरवे गोळे पडतीलच.

खात्री हवी असेल तर विधीच्या आधी आणि नंतर सोनोग्राफी करा. फक्त हेही ध्यानात ठेवा की एवढं तेल एकदम प्यायल्यावर पित्ताशय जोरात आकसतं, आणि खराखुरा छोटा खडा नळीत जाऊन अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते. तो प्रकार जिवावर बेततो.

रात्री तळपायाला चिकटवायच्या 'विष शोषून घेणाऱ्या' पट्ट्यांचंही असंच. सकाळी काळ्या होतात खऱ्या, पण त्यांच्यावर नुसतं कोमट पाणी शिंपडलं तरी होतात. विष बाहेर पडताना दिसतं असं सांगणारा कुठलाही उपाय आधी निरोगी माणसावर करून बघावा, निम्मे तिथेच उघडे पडतात.

६. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो, हे खरं का?

नाही. नागीण म्हणजे लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू. तो मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती घटली की त्या एका तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. डावा तंतू डावीकडेच जातो, म्हणून पुरळ छातीच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेशी थांबतं. त्याचं तोंड आणि शेपूट भेटण्याची सोयच शरीरात नाही. क्वचित कुणाला दोन्ही बाजूंना येतं. अशा माणसाची प्रतिकारशक्ती पुष्कळदा फार खालावलेली असते, आणि जिवाला धोका असलाच तर तो त्या मूळ आजाराचा. समज बहुधा तिथूनच निघाला असावा.

गेरूचा लेप लावा, मंतरलेली माती लावा, नाहीतर काहीच लावू नका, फोड दोन ते चार आठवड्यांत वाळतात. नुकसान लेपाने कमी आणि उशिराने जास्त होतं. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी. साठीपुढच्या माणसांत फोड गेल्यावरही महिनोन्‌महिने आग-ठणका राहू शकतो. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर, कारण तोच तंतू डोळ्यात जातो.

७. पानफुटीची पानं खाऊन मुतखडा पडला. हे तरी मान्य करा.

पडला हे मान्य. किती मिलिमीटरचा होता? पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे पाणी भरपूर प्यायलं की स्वतःच पडतात. दहाच्या पुढचा खडा सहसा पडत नाही, पानाने नाही आणि बिअरनेही नाही. त्यामुळे पानफुटीचे यशस्वी किस्से जवळपास सगळे छोट्या खड्यांचे असतात. मोठ्या खड्यावर पानं खात वर्ष काढणाऱ्याचं दुखणं कधीकधी थांबतंही, पण तेवढ्यात मूत्रपिंड निकामी होत चाललेलं असू शकतं. खडा आणि थंडी वाजून ताप हे दोन्ही एकत्र आले तर ती रात्रही घरी काढू नये.

८. डेंग्यूत पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट दुसऱ्या दिवशी वाढल्या.

डेंग्यूत ताप उतरायच्या सुमारास प्लेटलेट सर्वांत खाली जातात आणि मग दोन-तीन दिवसांत आपोआप चढायला लागतात. पपईचा रस नेमका तळ गाठल्यावर शोधला जातो (पुन्हा प्रश्न १). रसाने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं दाखवणारे काही छोटे अभ्यास आहेत, ते लपवायचं कारण नाही. पण डेंग्यूत माणूस दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळल्याने, आणि त्यावर या रसाचा काही उपयोग सिद्ध झालेला नाही. शिवाय तो भयंकर कडू, पुष्कळांना उलटी होते. वारंवार उलट्या हीच डेंग्यूतली धोक्याची खूण आहे. मग ही उलटी रसाची की रोगाची, हे डॉक्टरने कसं ओळखायचं?

पोटात सतत दुखणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, रक्त येणं यांवर नजर ठेवा. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको. प्लेटलेट वाढतील म्हणून शेळीच्या दुधासाठी वणवण करू नका.

९. होमिओपॅथीला साइड इफेक्ट नसतात. मग घ्यायला काय हरकत?

साइड इफेक्ट का नसतात ते आधी पाहू. बाटलीवर '३०' लिहिलं असेल तर मूळ पदार्थ एकास शंभर या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेला असतो. एकावर साठ शून्यं. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू संपतो. पुढच्या अठरा पायऱ्या नुसतं पाणी किंवा अल्कोहोल पातळ करण्याच्या. मूळ पदार्थाचा एक रेणू पोटात जावा म्हणून प्यायचं ठरवलं तर पृथ्वीएवढे पाण्याचे कोट्यवधी गोळे प्यावे लागतील. 'क्यू' लिहिलेली मूळ अर्कं मात्र वेगळी, त्यांत पदार्थ असतो आणि त्यांचे परिणामही होऊ शकतात.

सॅम्युअल हानेमान यांनी १७९६ साली ही पद्धत मांडली तेव्हा युरोपातले डॉक्टर रोग्याचं रक्त काढत आणि पारा पाजत. त्यांच्यापुढे साखरेची गोळी खरोखरच सुरक्षित होती. १८५४च्या लंडनच्या कॉलऱ्यात होमिओपॅथीच्या रुग्णालयात इतर ठिकाणांपेक्षा बरेच कमी लोक मेले. होमिओपॅथ हा दाखला अभिमानाने देतात आणि तो खोटा नाही. फक्त त्यातून एवढंच दिसतं की त्या काळी काहीच न करणं बरंच काही करण्यापेक्षा बरं होतं. कॉलऱ्यावर खरा उपाय ठरलं ते मीठ-साखर-पाणी.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ साली सांगितलं की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारात मिळत नाही. आपल्याकडे आयुष मंत्रालयाने करोनापासून बचाव म्हणून आर्सेनिकम अल्बम ३० सुचवलं ते २९ जानेवारी २०२० रोजी. देशातला पहिला करोना रुग्ण सापडला ३० जानेवारीला. ते औषध तोवर कोणावर तपासलं होतं, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला.

हरकत कधी? दम्याचा पंप, फिटच्या गोळ्या, थायरॉइडची गोळी, इन्सुलिन यांतलं काही बंद करायला सांगितलं तर. नुसत्या सर्दीला गोड गोळ्या चघळल्या तर खिशाला चाट बसते, एवढंच.

१०. तान्ह्या बाळाला आणि गाई-म्हशींना कुठे कळतं की औषध दिलंय? त्यांनाही गुण येतो.

बाळाची सर्दी आणि म्हशीचं पोट फुगणं हीसुद्धा आपोआप बरी होणारी दुखणी असू शकतात. आणि बाळ बोलत नाही, 'आता बरं आहे' हे आई सांगते. औषध दिलं आहे हे तिला माहीत असतं.

११. थोडक्यात, तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात आहात.

इसबगोल रोज हजारो डॉक्टर लिहून देतात. भगंदरावरचं क्षारसूत्र, म्हणजे औषधी क्षार लावलेला दोरा, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेशी तुलना करून तपासलं. जखम भरायला दिवस जास्त लागले, पण भगंदर उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. ते आम्ही आनंदाने मानतो. सर्पगंधा या वनस्पतीचं उदाहरण तर मुंबईचंच आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर ती वापरून नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. पुढे तिच्यातलं रिसर्पिन वेगळं केलं गेलं, जगभर वापरलं गेलं, आणि त्याने काही रुग्णांना नैराश्य येतं असं दिसल्यावर व त्याहून चांगली औषधं मिळाल्यावर मागेही पडलं. औषधाने असंच जगावं: तपासलं जावं, वापरलं जावं, मागे पडावं. हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आहे म्हणून जे तपासायचंच नाही, त्याला आमचा विरोध.

१२. गुळवेल, भस्मं वगैरे नैसर्गिक असतात. काढा रोज घेतला तर बिघडलं कुठे?

धोतराही नैसर्गिकच आहे. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. त्यानंतर मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी आधी सहा रुग्णांची, मग देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकांत दिली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती, आणि ती बरीचशी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी तशी होती. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती वेल खरी गुळवेलच होती कशावरून, दिसायला तशीच दुसरी असेल. असेलही. पण मग बाजारातून आणलेली काडी कुठली हे तुम्ही-आम्ही कसं ओळखायचं? थायरॉइड, संधिवात असे स्वप्रतिकाराचे आजार असणाऱ्यांनी तरी गुळवेलीपासून लांब राहावं.

भस्मांचं गणित वेगळं आहे, तिथे धातू चुकून येत नाही, घातलेलाच असतो. 'शुद्ध केल्यावर तो बाधत नाही' असं सांगतात, पण शिसं शेवटी शिसंच राहतं. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली (२००४), त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. परदेशी जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत गर्भसंस्काराच्या पुड्या भरणाऱ्या आयांनी हे जरूर वाचावं: गर्भातल्या बाळाला शिसं फार बाधतं.

१३. एका वैद्याच्या पुडीने दोन दिवसांत गुडघे दुखायचे थांबले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी वर्षभर जमलं नव्हतं.

इतका झटपट गुण आला की आनंद करण्याआधी पुडीत काय आहे ते शोधा. 'वनौषधी' म्हणून विकलेल्या सांधेदुखीच्या चूर्णांत डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं मिसळलेली सापडल्याच्या नोंदी जगभर आहेत. स्टेरॉइडने भूक वाढते, अंगात तरतरी येते, दुखणं पळतं. काही महिन्यांनी चेहरा गोल सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. अशी खूण दिसली तर पुडी एकदम बंद करू नका, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर थांबवलेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

१४. आमच्या गावच्या मांत्रिकाने साप चावलेली शेकडो माणसं वाचवली आहेत.

वाचली असतील. बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण किंवा दिवड चावलेला माणूस मंत्राविना वाचतोच. नाग-घोणसही दर वेळी विष सोडतात असं नाही. म्हणजे दहा जण आले तर त्यांतले बरेच कोणत्याही परिस्थितीत वाचणार होते. मांत्रिकाचं नाव त्यांच्यामुळे होतं, आणि जे गेले त्यांच्याबद्दल 'उशिरा आणलं' असं म्हणतात.

आपल्याकडे बहुतेक बळी घेणारे साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यार रात्री झोपेत चावते. दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, म्हणून घरच्यांना 'बाहेरची बाधा' वाटते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे. इलाज एकच, प्रतिसर्पविष. आवळून बांधणं, चिरा देणं, तोंडाने विष ओढणं यांतलं काही करू नका. हात किंवा पाय न हलवता गाडीत घाला.

अनुभवाचं शास्त्र कसं होतं हे पाहायचं तर महाडला पाहा. विंचवाने कोकणात पोरं मरत होती तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी एकेका रोग्याची नोंद ठेवली, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून मृत्यू किती कमी झाले ते मोजलं आणि 'द लॅन्सेट'मध्ये छापलं. तेही खेड्यातच काम करत होते.

१५. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची ताकद नाही. गावठी औषध चालेल का?

चौदा इंजेक्शनांची लस देशात वापरातून जाऊन वीसेक वर्षं झाली. आता दंडावर चार-पाच सुया, ठरलेल्या दिवशी, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. जखम लगेच पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा. मिरची, चुना, तेल भरू नका. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सोडायचं इंजेक्शनही मागून घ्या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. इथे 'आधी गावठी बघू' ही चूक दुरुस्त करता येत नाही.

१६. बाळगुटी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सासूबाईंना नाही कसं म्हणू?

पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. गुटीतला मध वर्षाच्या आतल्या बाळाला बोटुलिझम (अंग लुळं पाडणारी विषबाधा) करू शकतो, जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ गुंगतं, आणि सहाण किती स्वच्छ असते हे सगळ्यांना माहीत आहे. 'आम्ही सगळे गुटीवरच वाढलो' असं म्हणणारे, अर्थातच, वाढलेले असतात. सासूबाईंशी वाद घालू नका. बाळाच्या डॉक्टरांकडे त्यांनाच बरोबर न्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. तेलाचा मसाज त्यांच्याकडे राहू दे, त्याला कुणाची हरकत नाही. तापलेल्या विळ्याने पोटावर डाग देणं मात्र, मेळघाटात त्याला डंबा म्हणतात, कुणाचंही मन राखायला चालवून घेऊ नका.

१७. मधुमेह मुळापासून बरा होतो का?

टाइप १ होत नाही. असा मधुमेह असलेल्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जिवाला धोका. टाइप २ मध्ये मात्र गोष्ट रंजक आहे. आजार फार जुना नसेल आणि वजन चांगलं उतरवलं, तर गोळ्यांशिवाय साखर आटोक्यात राहू शकते. ब्रिटनमधल्या २०१७च्या एका मोठ्या चाचणीत वजन उतरवण्याचा कार्यक्रम दिलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांना वर्षभरात हे साधलं. श्रेय वजनाचं, आणि वजन परत वाढलं की साखरही परतते. म्हणून 'मुळापासून' हा शब्द कुणी वापरला की सावध व्हा. कारलं, मेथी, जांभळाच्या बिया यांचा परिणाम झालाच तर किरकोळ, पण गोळ्यांबरोबर घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

१८. कर्करोग हळद, कडुनिंब आणि उपासाने बरा झाल्याच्या बातम्या येतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या आहाराबद्दल असंच काहीसं सांगितलं तेव्हा टाटा मेमोरियलशी संबंधित २६२ कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढलं: सिद्ध न झालेल्या उपायांपायी उपचार लांबवू नका. त्या बाईंवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. अशा बातम्यांत ऑपरेशनचा उल्लेख कुठल्या ओळीत येतो ते बघत जा. येल विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्यांना मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, स्तनाच्या कर्करोगात साडेपाच पटींहून अधिक. हळदीचं दूध प्यायला हरकत नाही, ऑपरेशनची तारीख त्यासाठी पुढे ढकलायला आहे.

१९. हे सगळं कायद्यात बसतं का? तक्रार कुठे करायची?

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली, जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, तक्रार पोलीस ठाण्यात. जाहिरातींसाठी १९५४चा औषधे व जादुई उपचार कायदा आहे: मधुमेह, कर्करोग, फिट्स अशा ठरावीक आजारांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे, जाहिरातीच्या कात्रणासह. नुसती काविळीची माळ फुकट देणाऱ्या आजोबांवर मात्र सहसा कुठलाच कायदा चालत नाही, तिथे प्रश्न २ मधला धडधाकट माणूस जास्त उपयोगी.

२०. बाबा ऐकतच नाहीत. गोळ्या बंद करून चूर्ण घेतात. काय करू?

चूर्ण खोटं आहे हे पटवायच्या मागे लागू नका, ते तुमच्यापेक्षा हट्टी असणार. सौदा करा: चूर्ण घ्या, पण गोळ्या चालू ठेवून. आणि आधीच एक तारीख ठरवा, तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) करू किंवा रक्तदाबाची वही बघू, आकडा वर असेल तर चूर्ण थांबवायचं. हे ठरलेलं कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. डॉक्टरांपासून चूर्ण लपवू नका, ते रागावले तरी चालेल. आणि डबी, पुडीचा कागद, लेबल काहीही फेकू नका. कधी यकृत बिघडलं तर डॉक्टरांना आधी तेच लागतं, आणि नेमकं तेव्हा ते घरात सापडत नाही.